दोनची गोळी

बाबांची मॉर्फीनची गोळी दर चार तासांनी असायची. पहाटे सहा, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा आणि रात्री दोन. दिवसाच्या गोळ्या आई द्यायची. रात्री दोनची माझ्याकडे होती.

धारच्या आमच्या जुन्या घरात मधल्या खोलीत त्यांचा पलंग होता. पावणेदोनला मोबाइलचा गजर व्हायचा. उशीखाली हात घालून मी तो बंद करायचे, म्हणजे आईची झोप मोडायची नाही. मग कोपऱ्यातला छोटा दिवा लावायचा, डाव्या हाताने बाबांची मान उचलायची, गोळी जिभेवर ठेवायची, चमच्याने पाणी द्यायचं आणि कंठ हलला की नाही ते बघायचं. वहीत वेळ लिहायची. एवढ्याने काम संपायचं नाही. त्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये एक आठी पडलेली असायची, ती सैल व्हायला अर्धा तास तरी लागायचा. तोवर मी स्टुलावर बसून राहायचे. आठी गेली की दिवा घालवायचा. पाच महिने असं चाललं. शेवटी शेवटी गजर व्हायच्या आधीच माझे डोळे उघडायला लागले होते.

भाद्रपदात एका दुपारी ते गेले. त्या रात्री नातेवाइकांनी घर भरलं होतं, मी आईशेजारी खाली सतरंजीवर पडले होते. पावणेदोनला गजर झाला. तो बंद करायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. मी उठले, दिवा लावला आणि डबी उघडली. डबीत अकरा गोळ्या उरल्या होत्या. मागे आई उठून बसली होती. आम्ही दोघी काही बोललो नाही. त्या अकरा गोळ्या पुढच्या आठवड्यात इंदूरच्या रुग्णालयात परत केल्या. गजरही मोबाइलमधून काढून टाकला. माझ्या शरीरातला मात्र निघाला नाही.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली गंधवानीला झाली. धारहून अमझेऱ्यापर्यंत रस्ता माळव्याच्या पठारावरून जातो, पुढे विंध्याचा उतार लागतो. काळी सपाट रानं संपतात, टेकड्या, साग, ताडाची झाडं दिसू लागतात आणि हवा बदलते. जिल्हा धारचाच, पण हा भिल्ल-भिलालांचा मुलूख. पाणी इथून खाली नर्मदेकडे धावतं आणि उन्हाळ्यात ऊन निमाडासारखं भाजतं. आमच्या माळव्याला रात्रीचा मोठा मान आहे. सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची, असं उत्तरेत पूर्वापार म्हणतात, शब-ए-मालवा. दिवसभर कितीही तापलं तरी अंधार पडला की पठारावर वारा सुटतो, अंगणातल्या खाटा गार पडतात. बाबा हे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. मी त्या रात्रीच्या उंबरठ्यावरून एक घाट खाली उतरले होते आणि माझी झोप घाटावरच राहिली होती.

दिवसभर शाळेत काही जाणवायचं नाही. अकरावी-बारावीच्या मुली, फळा, हजेरी, परीक्षा. रात्री साडेआठलाच मी अंथरुणात शिरायचे, कारण झोप मिळवायची तर तिला भरपूर वेळ द्यायला हवा, असा माझा हिशोब होता. दहा, अकरा, साडेअकरा. कशीबशी लागायची आणि दोनला खाडकन जाग. मग उजाडेपर्यंत टक्क. घड्याळाकडे बघून उरलेले तास मोजायचे. आता लागली तर चार तास मिळतील, आता लागली तर तीन.

उपाय सगळ्यांकडे असतात आणि ते सांगणारी माणसं मायेनेच सांगतात. आत्याने जायफळ उगाळून दुधातून घ्यायला सांगितलं. शाळेतल्या एका सरांनी म्हशीचं दूध सांगितलं. त्याला थेट चरकाचा आधार आहे, झोप न येणाऱ्याला म्हशीचं दूध हितकर म्हटलेलं आहे. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने झोपेला शरीराचा एक आधारखांब मानणारा तो ग्रंथ. झोपेची एवढी इज्जत आज आम्ही कुठे ठेवतो? कुणी अश्वगंधा आणून दिली. नीमच-मनासाकडे तिची शेतीच होते आणि तिच्या लॅटिन नावातला सोम्निफेरा हा शब्दही झोप आणणारी अशाच अर्थाचा आहे. आणि आईने धारहून खसखस पाठवली, खिरीसाठी.

ती खसखस भिजत घालताना मला एकदम रडू आलं. अफूच्या बोंडातलं बी ते. हाच आमचा माळवा एके काळी अफूसाठी साऱ्या जगाला ठाऊक होता. इथला माल मुंबईच्या बंदरातून चीनला जायचा. आजही मंदसौर, नीमच, रतलामकडे सरकारी परवान्याने अफू पेरतात, माघ-फाल्गुनात बोंडांना चिरा देतात, चीक गोळा करतात आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यातून मॉर्फीन वेगळं काढतात. खसखशीत गुंगीचं म्हणाल तर जवळजवळ काही नसतं, सगळी ताकद त्या चिकात. बाबांच्या कपाळावरची आठी ज्याने सैल होत होती ते याच बोंडातलं, कदाचित याच जिल्ह्यांमधल्या कुठल्याशा शेतातलं. ग्रीकांच्या स्वप्नदेवाचं, मॉर्फियसचं नाव त्याला मिळालेलं आहे. मी खीर केली, खाल्ली, दोनला जागी झाले.

मग गोळ्या. एका डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिली, पंधरा दिवसांसाठी. पंधरा दिवस छान झोपले. चिठ्ठी पुन्हा दाखवली की औषध मिळत होतं, कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून मी ती सात महिने घेतली. अर्धीची एक झाली. दोनला जाग येणं थांबलं नाही, फक्त त्या जागेपणावर एक ओलं घोंगडं पडल्यासारखं झालं. वर्गात मुलींची नावं आठवेनात. एकदा स्वतःहूनच एकदम बंद केली, तर दोन दिवस हात कापत होते आणि छाती धडधडत होती. हे मुद्दाम लिहिते आहे. माझ्यासारख्या घरोघर असतील. अशी गोळी आपल्या मनाने लांबवू नये आणि आपल्या मनाने एका रात्रीत तोडूही नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती थोडी थोडी उतरवावी लागते. माझी उतरायला दोन महिने लागले.

ज्यांनी ती उतरवली त्या इंदूरच्या बाई मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्याकडे जायला मला कमीपणा वाटत होता, हे कबूल करते. त्यांनी आधी नाडी पाहिली नाही की औषध लिहिलं नाही. दोन आठवडे वही लिहायला सांगितली. अंथरुणात कधी गेलात, साधारण कधी लागली, कधी उठलात. वही वाचून त्या म्हणाल्या, “तुम्ही नऊ तास अंथरुणात असता आणि झोपता पाच तास. उरलेले चार तास तुमची गादी तुम्हाला जागरण शिकवते.”

मी कित्येक दिवस या वाक्यावर विचार करत होते. उपाय त्यांनी असा सांगितला की ऐकून धक्काच बसला. झोप पाच तासांची येते ना, मग अंथरुणात साडेपाच तासच राहायचं. रात्री बारा ते साडेपाच. त्याआधी कितीही डोळे मिटले तरी आडवं व्हायचं नाही, साडेपाचला कितीही जड वाटलं तरी उठायचं, दुपारी पडायचं नाही. आणि मध्ये जाग आली, वीसेक मिनिटांत लागत नाहीसं वाटलं, तर अंथरूण सोडून दुसरीकडे बसायचं. घड्याळ बघायचं नाही, ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. झोपेने पापण्या जड झाल्या की मगच परत यायचं. यातला अंथरूण सोडण्याचा भाग अमेरिकेतल्या रिचर्ड बूट्झिन यांनी 1972 साली मांडला, अंथरुणातले तास कमी करण्याचा आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हेच करावं, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 साली केली. इतकी वर्षं हे माहीत असूनही आपल्याकडे झोपेची तक्रार केली की हातात चिठ्ठीच का पडते, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यांनी कारणही समजावलं, आणि ते मला मुलींना शिकवण्याच्या सवयीने लगेच पटलं. आपण जितका वेळ जागे असतो तितकं मेंदूत अॅडेनोसिन साचत जातं; ती झोपेची भूक. चहा-कॉफी त्या भुकेचं तोंड दाबून धरते, आणि पोटात गेलेलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. माझा शेवटचा चहा संध्याकाळी सहाचा असायचा. दुसरं, मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे, तेच शरीराचं घड्याळ. सकाळच्या उजेडाने ते रोज लावलं जातं. पेशींच्या आत असलं घड्याळ कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना 2017 साली नोबेल मिळालं. आणि तिसरं सांगितलं ते मी विसरणार नाही. जाग सगळ्यांनाच येते, रात्रीतून कितीतरी वेळा येते. चांगली झोप लागणाऱ्याला ती सकाळी आठवत नाही, एवढंच.

पहिले तीन आठवडे भयंकर गेले. बारा वाजेपर्यंत ताठ बसणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच कळेल. मी धुतलेली भांडी पुन्हा धुतली, वह्या तपासल्या, साड्यांना फॉल लावले. त्या दिवसांत स्कूटर चालवायची नाही असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून शाळेत चालत जायचे. आणि दोनला उठून ओसरीत खुर्चीवर बसायचे. मोबाइल नाही, वाचायला काही रंजक नाही, नुसतं बसायचं. पहिल्या काही रात्री मी तिथेही झोपेचीच वाट बघत बसले, पाहुण्याची बघावी तशी, आणि ती आली नाही.

मग बाबांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. त्यांची तरुणपणातली काही वर्षं देवासला नोकरीत गेली होती, आणि कुमार गंधर्व हा त्यांच्या बोलण्यातला अखंड विषय. बेळगावकडचा हा गायक 1948 च्या जानेवारीत देवासला आला तो क्षयाने पोखरून. कोरड्या हवेसाठी. गाणं बंद. विशी ओलांडून चार वर्षंही झाली नव्हती, सगळा देश ज्याचं गाणं ऐकत होता त्याला डॉक्टरांनी तोंडातून सूर काढायला मनाई केली. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं. पाचेक वर्षं बिछान्यावर. भानुमतीबाई शुश्रूषा करत होत्या. त्या पडून असण्यात त्यांच्या कानावर माळव्याची लोकगीतं पडत राहिली, रस्त्याने जाणारे नाथपंथी निर्गुणी भजनं गात जायचे ती पडत राहिली. 1953 मध्ये ते पुन्हा गायला बसले तेव्हा तो सगळा माळवा त्यांच्या गळ्यात होता. बाबा म्हणायचे, त्या वर्षांत त्यांनी गायचा प्रयत्न केला नाही म्हणूनच त्यांना ऐकू आलं. शेवटच्या महिन्यांत बाबा आपला हा लाडका विषय अर्ध्या झोपेत पुन्हा पुन्हा सांगायचे, मी स्टुलावर बसून हूं हूं करायचे आणि लक्ष सगळं आठीकडे.

त्या मोठ्या आजारपणाशी माझ्या जागरणाची तुलना मी करत नाही. पण ओसरीत बसून मी ऐकायला लागले हे खरं. गंधवानीची रात्र अजिबात गप्प नसते. टिटवी ओरडत जाते. कुत्री एका टोकाकडून भुंकायला सुरुवात करतात आणि ते भुंकणं गल्लीगल्लीतून सरकत जातं. मालट्रक चढावर गियर बदलतो. शेजारच्या काकींची बकरी शिंकते, अगदी माणसासारखी. आणि पाऊलवाटेने कुणीतरी बॅटरी घेऊन जात असतं. इतकी माणसं रात्री जागी असतात हे मला धारमध्ये कधी कळलंच नव्हतं.

शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीची असते. गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थंडीत कुडकुडत मध्यरात्री मोटर चालू करायला जावं लागतं. लाईट कधी येईल याचा भरवसा नसला की झोप कशी लागणार? काकींच्या शेतातली मोटरची खोली माझ्या ओसरीसमोर दोन बांधांपलीकडे. तिच्या दारावर त्यांनी एक बल्ब कायम चालू ठेवलेला, लाईट आली की तो पेटायचा. पहिल्याच हिवाळ्यात काकींनी मला विचारलं होतं, मैडम, तुम्ही जाग्याच असता, बल्ब पेटला की आमच्या पोराला हाक मारत जाल का? मी आनंदाने हो म्हटलं. दोनच्या जागेपणाला निदान काही काम मिळालं. बल्ब पिवळा पेटला की मी कुंपणाशी जाऊन हाक मारायचे, तो कांबळं पांघरून फावडं घेऊन निघायचा. इंदूरच्या बाईंना हे मी सांगितलंच नाही.

चैत्रात मोह गळायला लागला. मोहाची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येऊन जातात आणि पहाटेकडे पाकळ्यांच्या रसरशीत कुप्या टपटप खाली पडतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून, जाळून जागा स्वच्छ केलेली असते. उजाडायच्या आत वेचायला हवीत, नाहीतर गुरं खातात. साडेपाचला उठायचा नियम होताच, म्हणून एकदा काकींबरोबर गेले. त्यांची सून तिथे आधीपासून होती, झाडाखाली खाट टाकून राखणीला. आम्ही पोचलो तशी ती उठली, टोपली सासूच्या हातात दिली, खाटेवर गोधडी डोक्यावरून ओढली आणि मी दहा फुलं वेचायच्या आत घोरायला लागली. भोवती आम्ही बोलतोय, पोरं हसतायत, अंगावर फुलं पडतायत. ती गाढ झोपली होती.

मी बराच वेळ हातात फुलं घेऊन तिच्याकडे बघत राहिले. गोड, आंबूस, जड वास होता. तिची पाळी संपली होती. कुणीतरी येऊन टोपली घेतली होती. भादव्यात मक्याच्या मचाणावर रानडुकरांसाठी जागणारी माणसंही अशीच पाळीपाळीने जागतात. एक वर चढतो, दुसरा उतरतो, उतरलेला तिथेच बांधावर झोपतो. मला त्या दुपारी, बाबा गेले तेव्हा, कुणी सांगितलं नव्हतं की तुझी दोनची पाळी संपली. सांगायला हवं हे कुणाच्या मनातही आलं नसणार. दहा-बारा माणसं घरात, आणि प्रत्येकाने मला खायला घातलं, पाठीवरून हात फिरवला. मी मात्र रोज रात्री उठून त्या पलंगाकडे जातच होते.

हे मी आईला फोनवर सांगू शकले नाही. मे महिन्यात ती गंधवानीला राहायला आली तेव्हा सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उठली आणि पिशवीतून काशाची वाटी काढली. तिच्या आईची ती वाटी, बुडाशी घासून घासून चकचकीत झालेली. मला खुर्चीत बसवलं, पाय मांडीवर घेतला, तळव्याला तूप लावलं आणि वाटी फिरवायला लागली. टाचेपासून बोटांकडे, गोल गोल. तूप हळूहळू राखाडी, मग काळं पडत जातं. काशातल्या तांब्याचा तो परिणाम असणार, पण लहानपणी आजी म्हणायची अंगातली उष्णता निघाली, आणि त्या रात्री मलाही ते तसंच वाटलं. आईने एका पायाला चांगली वीस मिनिटं घासलं. तिचे हात दुखत असणार. मध्येच ती म्हणाली, “मी पण सहाला उठते अजून. चहाच्या आधी डबीकडे हात जातो.” आणि दुसरा पाय घेतला.

पावसाळ्यापर्यंत माझे साडेपाच तास हळूहळू पावणेसात झाले होते. बाईंनी दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवून दिली, तीही आधीचे तास नीट भरल्यावर. अजून कधी कधी रात्र वाईट जाते. परीक्षेचे दिवस, बाबांच्या तिथीचा आठवडा. तेव्हा उठून ओसरीत बसते. ज्यांना इंदूर दूर आहे, किंवा जायला मन घेत नाही, त्यांच्यासाठी 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. 2022 पासून चालू आहे आणि फोन कुठल्याही वेळी लागतो, रात्री दोनलासुद्धा. शाळेतल्या एका मैत्रिणीला मी तो लिहून दिला आहे.

या वर्षी गहू वीतभर झाला तेव्हा पुन्हा रात्रीची लाईट सुरू झाली. काकींनी बल्ब लावला, मी हाक मारीन म्हणून सांगितलं. मार्गशीर्षातली एक सकाळ. मी शाळेत जायला निघाले होते, कुंपणापलीकडे काकी उभ्या होत्या. म्हणाल्या, लाईट रात्री दीडलाच आली होती, सकाळी बघितलं तर बल्ब चालू. पोरगा झोपून राहिला, आज गव्हाचं पाणी राहिलं. त्या रागावल्या नव्हत्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चूक झाली म्हणाले, पुन्हा असं होणार नाही म्हणाले.

त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि माझ्या तोंडाकडे जरा वेळ निरखून पाहिलं.

“मैडम, मतलब आपको नींद आई?”

मी हो म्हटलं. त्या आत वळल्या आणि पोराला ओरडून म्हणाल्या की आजपासून मोबाइलचा गजर लाव.